कारणाचा रकाना

इजिप्तमधल्या लक्सरच्या हॉटेलात रात्री गरम पाण्यात पाय बुडवून बसले होते, तेव्हा मोबाइलवर फॉर्म आला. दिवसभराची सहल ज्या कंपनीकडून घेतली होती तिचाच. गाडी स्वच्छ होती का, चालकाने नीट चालवली का, जेवण कसं वाटलं. हो, हो, छान, असं भराभर भरत गेले. मग एक प्रश्न आला : गाईड पूर्ण वेळ तुमच्यासोबत होता का? खाली दोन गोल, एक 'हो'चा, एक 'नाही'चा. मी 'नाही'वर बोट ठेवलं आणि फॉर्म पाठवून दिला. खोटं काही लिहिलं नव्हतं. मेदिनेत हाबूच्या देवळात तो जवळजवळ पन्नास मिनिटं आमच्याजवळ नव्हता, मी घड्याळ बघितलं होतं. पाय पुसले, दिवा मालवला आणि लगेच झोपही लागली.

चार महिने झाले. ते बोट अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

ही सहल आम्ही दोघी बहिणींनी कितीतरी वर्षं मनात धरून ठेवलेली. मी बँकेतून निवृत्त झाले, धाकटीचा मुलगा नोकरीला लागला, आणि फेब्रुवारीत आम्ही निघालो. लक्सरला खासगी गाडी आणि खासगी गाईड घेतला तो धाकटीच्या गुडघ्यांसाठी. झेंडा उंच धरून पुढे धावणाऱ्या माणसामागे चाळीस जणांच्या घोळक्यात पळणं तिला जमणार नव्हतं. सकाळी सहाला छोट्या मोटारबोटीतून नाईल ओलांडली. पाण्यावर धुकं होतं, बोटीच्या डिझेलचा आणि ओल्या मातीचा वास एकात एक मिसळला होता, आणि समोरच्या काठावर गरम हवेचे फुगे एकामागून एक वर चढत होते. आतली ज्योत पेटली की अख्खा फुगा कंदिलासारखा उजळायचा. "जिवंत माणसं पूर्वेला, गेलेली पश्चिमेला," गाईड म्हणाला, "सूर्य मावळतो तिकडे." पस्तिशीचा असेल. निळा शर्ट, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत प्लॅस्टिकच्या पानांचं एक जाड फोल्डर. बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलायचा. भारतीय पाहुण्यांसाठी त्याच्याकडे एक खास गोष्ट होती : दुसऱ्या रामसेसच्या ममीच्या नाकात काळी मिरी सापडली. "तुमच्या देशातली मिरी आमच्या राजाच्या नाकात," तो सांगत होता. धाकटी घरून आणलेल्या मिरीच्या काढ्याचा थर्मास मांडीवर घेऊनच बसली होती. तिने त्याला पेलाभर काढा दिला, त्याने तो मनापासून प्यायला. तिथून तो आमचा झाला.

पलीकडे उतरल्यावर ऊस लागला. उसातून जाणारे अरुंद रूळ, कडेला गाढवावर हिरव्या घासाचे भारे. त्या घासाचा वास नाकात गेला आणि मी थेट नगर जिल्ह्यातल्या आमच्या मळ्यात. पण हा हिरवा पट्टा आपल्याकडे विरळ होत जातो तसा होत नाही. बांध ओलांडावा तसा तो एका पावलात संपतो. एक पाय वाफ्यात, दुसरा वाळवंटात. मेमनॉनचे दोन पुतळे त्या सीमेवरच बसलेत, अठरा मीटर उंच, चेहरे झडलेले. तिसऱ्या आमेनहोतेपच्या ज्या देवळाचे ते राखणदार, ते देऊळ जवळपास उरलेलं नाही. आम्ही दहा मिनिटं थांबून पुढे निघालो.

राजांच्या खोऱ्यात एकही झाड नाही. पांढुरकी, भाजलेली चुनखडी, आणि वर अल-कुर्न नावाचं शिखर, आपोआप पिरॅमिडच्या आकाराचं. त्या शिखराची देवी मेरेतसेगर, नागरूपातली. तिच्या नावाचा अर्थ 'शांतता जिला प्रिय आहे ती'. योगायोग असा की आज गाईडांनाही कबरींच्या आत बोलायला बंदी आहे. गर्दी तुंबू नये म्हणून. त्यामुळे तो आम्हाला प्रत्येक कबरीबाहेर सावलीत बसवायचा, फोल्डर उघडून आत काय काय दिसेल ते चित्रं दाखवून समजवायचा आणि म्हणायचा, "आता तुम्ही जा, मी इथेच आहे." खासगी गाईड घेऊनही आत आपण एकटेच. सुरुवातीला मला हे चुकल्यासारखं वाटलं. मग सहाव्या रामसेसच्या कबरीत उतरले आणि त्या बंदीचे आभार मानले. छतभर आकाशदेवी नूत. एकदा दिवसाचं आकाश, एकदा रात्रीचं, पाठीला पाठ लावून लांबलचक पसरलेली. संध्याकाळी ती सूर्य गिळते, रात्रभर तो तिच्या अंगातून प्रवास करतो आणि पहाटे ती त्याला पुन्हा जन्म देते. निळ्यावर पिवळं, तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचं, आणि रंग इतका ताजा की बोटाला लागेल असं वाटावं. मान दुखेपर्यंत बघत राहिले. तिथे कुणी एक शब्द बोललं असतं तरी सोसलं नसतं.

तुतनखामेनला वेगळं तिकीट, तेही काढलं. ४ नोव्हेंबर १९२२ला हॉवर्ड कार्टरच्या माणसांना जिची पहिली पायरी लागली ती ही कबर. बाकीच्यांच्या मानाने अगदी लहान. सोनं सगळं कैरोला गेलं, पण तो स्वतः अजून तिथेच आहे, काचेखाली, पांढऱ्या कापडात, काळा चेहरा आणि काळी पावलं तेवढी उघडी. धाकटी बाहेर येऊन एवढंच म्हणाली, "पोरगंच गं अक्का." विशीही पूर्ण झाली नव्हती त्याची.

होरेमहेबच्या कबरीच्या पायऱ्या धाकटीला झेपणाऱ्या नव्हत्या. ती गाईडजवळ वर थांबली, मी एकटी उतरले. ही कबर अर्धवट राहिली आहे, आणि मला त्या दिवशी सगळ्यात जास्त जर कुठली भिंत आवडली असेल तर तिथली. काही ठिकाणी पूर्ण कोरलेलं, रंगवलेलं काम. काही ठिकाणी कोरायला घेतलेलं आणि तसंच टाकलेलं. आणि काही ठिकाणी नुसत्या रेघा. आधी लाल रंगात कच्चं चित्र, मग त्यावर उस्तादाने काळ्या रेघेने केलेली दुरुस्ती. इथे खांदा जरा खाली हवा, इथे पाय पुढे हवा. राजा गेला, त्याला ठरल्या मुदतीत आत ठेवावं लागलं आणि हत्यारं आहेत तिथे थांबली. तोवर बघितलेल्या भिंतींवर मला देव दिसले होते, राजे दिसले होते. इथे पहिल्यांदा माणूस दिसला. चुकलेला, आणि चूक दाखवून दिलेला. वर आले तर धाकटी सावलीत बसलेली आणि गाईड बराच लांब, उन्हात, कानाला फोन लावून उभा. "मघापासून फोन चाललेत त्याचे," धाकटी म्हणाली. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. माझ्या मनात मात्र तिथेच पहिली नोंद झाली.

हातशेपसुतचं देऊळ भव्य आहे आणि मी त्याबद्दल काही लिहिणार नाही. ऊन वर आलं होतं, गर्दी होती, आणि माझं मन त्या लाल रेघांपाशी राहिलं होतं. गाईडने ते ओळखलं असावं. "त्या रेघा मारणारे कुठे राहायचे ते बघायचंय का?" त्याने विचारलं. आणि आम्ही देर अल-मदिनाला आलो.

डोंगराच्या कुशीत एक अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना कमरेएवढ्या भिंती उरलेली घरं. कोटाच्या आत अडुसष्टच्या आसपास. पुढची खोली, मधली खोली, मागे स्वयंपाकघर, गच्चीवर जायला जिना. राजांच्या कबरी खणणारे, कोरणारे, रंगवणारे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिले. काम करायचे टोळीने, आणि टोळीच्या दोन बाजू, डावी आणि उजवी, बोटीवरच्या वल्हेकऱ्यांसारख्या. दहा दिवसांचा आठवडा. कामाच्या दिवसांत घरी न येता वर खिंडीतल्या दगडी खोपटांत झोपायचे. तांब्याच्या छिन्न्या सरकारी, वजन करून द्यायच्या, वजन करून परत घ्यायच्या. दिव्याच्या वातीसुद्धा मोजून. आणि मजुरी धान्यात, भाकरीसाठी गहू, बिअरसाठी जव. हे सगळं एवढं बारीक कसं माहीत, तर ते लोक लिहायचे. पपायरस, म्हणजे तिथला लव्हाळ्याचा कागद, महाग, मग फुटकं मडकं आणि चुनखडीच्या कपच्या घ्यायच्या आणि त्यांवर लिहायचं. उसनवारी, भांडणं, धुण्याची यादी, सगळं. गाव कोरड्या जागी, पाणी गाढवांवरून यायचं. गावाच्या उत्तरेला एक प्रचंड खड्डा आहे, सुमारे पन्नास मीटर खोल. पाणी लागेल म्हणून खणला असावा, असं म्हणतात. पाणी लागलं नाही. मग तो कचऱ्याने भरला, आणि त्या कचऱ्यातून लिहिलेल्या खापऱ्या आणि कपच्या निघाल्या. हजारो.

त्या खड्ड्याच्या काठावर मी आणि धाकटी एकमेकींकडे न बघता उभ्या राहिलो. १९७२ साली आमच्या मळ्यातली विहीर आणखी चार परस खणली होती. खाली काळा पाषाण लागला. त्या विहिरीत मग आम्ही काय काय टाकलं, ते दोघींनाही माहीत होतं.

गाईडने फोल्डरमधलं एक पान काढलं. मोठ्या पाटीएवढी चुनखडीची कपची, दोन्ही बाजूंनी बारीक अक्षरांनी भरलेली. मूळ कपची लंडनला, ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. दुसऱ्या रामसेसच्या चाळिसाव्या वर्षातली ही चक्क हजेरी आहे. चाळीस कामकऱ्यांची नावं, वर्षातले २८० दिवस. काळ्या शाईने तारीख, आणि त्या तारखेवर लाल शाईत, माणूस का आला नाही ते कारण. गाईड बोट ठेवत एकेक सांगत गेला. आजारी. आजारी. विंचू चावला. डोळे आले. देवाला नैवेद्य करायचा होता. बिअर गाळत होता. दुसऱ्या कुणासाठी औषध बनवत होता. घरातली बाई, बायको किंवा मुलगी, बाजूला बसली होती. (हे त्याने जरा अडखळत सांगितलं, आणि आम्ही दोघींनी माना डोलावल्या. आमच्या लहानपणी ते वाक्य आम्ही 'कावळा शिवला' म्हणून ऐकलेलं.) आईचं प्रेत गुंडाळत होता. मग तो आणखी एका ओळीवर आला. "आई आजारी होती," त्याने वाचलं. बोट तिथेच ठेवून तो थांबला. मला वाटलं, पुढची ओळ शोधतोय. तेवढ्यात धाकटीने बिअरचं काहीतरी विचारलं, आम्ही दोघी हसलो, आणि त्याने फोल्डर मिटलं.

मिटताना मला ते नीट दिसलं होतं. दिसूनही मी बघितलं नाही.

कारण मी तेव्हा भलतीकडेच होते. आमचे अण्णा बहात्तरच्या दुष्काळात पाझर तलावाच्या कामावर हजेरी कारकून होते. हंगामी. लांबट आडवं मस्टर, कडक पुठ्ठ्याचं, ते काखेत मारून सायकलवरून जायचे. मी नऊ वर्षांची. दुपारी त्यांची भाकरी घेऊन जायचं काम माझं. मिलोची तांबडी भाकरी, तिला आमच्या ज्वारीचा गोडवा नसायचा, गार झाली की चामड्यासारखी व्हायची. कामावर पोचलं की आधी धुळीचा ढग दिसायचा, मग त्यातून बायकांच्या डोक्यावरची घमेली, मग माणसं. एका अंगाला सुकडीचं पातेलं, तिचा गोडसर खमंग वास, आणि भोवती पोरांची रांग. बाभळीखाली अण्णा मांडी घालून बसलेले, मस्टर मांडीवर, निळी दौत आणि लाल दौत. आला त्याला निळी खूण. नाही आला त्याला लाल. लाल खुणेला खाडा म्हणायचे. नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, गाव, दिवस, शेवटी अंगठा. एवढे रकाने. कारणाचा रकाना नव्हता.

एके दिवशी मी भाकरी घेऊन पोचले तेव्हा शेजारच्या वाडीची एक बाई नुकतीच आली होती. दुपार झालेली. केस ओले. मुकादम म्हणाला, हिची आई रात्री गेली, सकाळी मातीला गेली होती, तिथून थेट आली. अण्णांनी मान वर केली नाही. तिच्या नावापुढे त्या दिवसाला सकाळीच लाल खूण पडलेली होती, मी ती डोळ्यांनी बघितली. अर्ध्या दिवसाची हजेरी लावायची मुभा नव्हती. बाई काही बोलली नाही. घमेलं उचललं आणि टोळीत जाऊन उभी राहिली. खाडा पडूनही संध्याकाळपर्यंत तिने माती वाहिली, कारण माप अख्ख्या टोळीचं व्हायचं, आणि आपल्यामुळे दुसऱ्याचं माप कमी भरू नये म्हणून. अण्णांनी त्या दिवशी भाकरी खाल्ली का, ते मला आठवत नाही. लाल खूण आठवते. वडील म्हटलं की मला जन्मभर ती आठवत आली, आणि त्यांच्याबद्दल कितीही प्रेम दाटून आलं तरी त्याच्या मधोमध ती खूण असतेच.

गावालगतच सेनेजेमची कबर आहे. सेती पहिला आणि रामसेस दुसरा यांच्या काळातला इथला एक कारागीर. १८८६ मध्ये ती जशीच्या तशी सापडली. वाकून, जवळजवळ बसून खाली उतरावं लागतं, म्हणून ही धाकटीने गुडघ्यांना न जुमानता बसत बसत उतरून बघितली. खाली एक कमानदार खोली, आपल्या देवघरापेक्षा थोडी मोठी, आणि सगळीकडे पिवळाधमक रंग. आयुष्यभर राजांसाठी रात्रीची, नागांची, बारा दारांची चित्रं काढणाऱ्या माणसाने स्वतःसाठी काय काढून घेतलं? तो आणि त्याची बायको इनेफर्ती शेतात आहेत. तो ठिपक्याठिपक्यांच्या बैलांवर नांगर धरतो, ती मागून बी टाकत चालते. तो गहू कापतो, ती मागून कणसं वेचते. दोघं मिळून जवस उपटतात. खाली खजुराची झाडं फळांनी लगडलेली, चहूबाजूंनी पाणी. दोघंही पांढऱ्या स्वच्छ कपड्यांत. मेल्यानंतरच्या जगातही त्याला काम हवंय. पण ते आपल्या रानातलं आणि बायकोबरोबरचं. तिथे हजेरी घेणारा कुणी नाही.

धाकटी ओठावर हात ठेवून बघत राहिली. "आई-अण्णांची पेरणी," एवढंच म्हणाली.

जेवायला एका घरगुती जागी थांबलो. मसूराचं वरण, तळलेली वांगी, आणि गोल, जाड, वरून भेगाळलेला पाव. त्याला ऐश शम्सी म्हणतात, उन्हाची भाकरी. कणीक थापून मातीच्या थाळ्यांवर उन्हात ठेवायची, उन्हानेच ती फुगते, मग भट्टीत भाजायची. आंबूस, खरपूस, दाट. "आमच्या घरी आई करते," गाईड म्हणाला. "ऊन किती आहे ते ती हात लावून ओळखते." त्याने स्वतः मात्र अर्धाच तुकडा खाल्ला आणि फोन घेऊन बाहेर गेला.

मेदिनेत हाबू तिसऱ्या रामसेसचं. तिथे अक्षरं इतकी खोल कोरलेली की हात मनगटापर्यंत आत जावा. दारात उभं राहून गाईडने घाईघाईने दोन गोष्टी सांगितल्या. एक, भिंतीवर कापलेल्या हातांचा ढीग बघा, शत्रूचे किती मारले ते हात मोजून ठरवायचे आणि कारकून ते लिहून घ्यायचे. दुसरी, याच राजाच्या एकोणतिसाव्या वर्षी देर अल-मदिनाच्या लोकांनी संप केला होता. जगातला, लेखी नोंद असलेला, जुन्यात जुना संप. मजुरीचं धान्य थकलं होतं. त्यांनी हत्यारं खाली ठेवली, चौक्यांच्या भिंती ओलांडून ते देवळांपाशी जाऊन बसले. भूक आणि तहान आम्हाला इथे घेऊन आली, ते म्हणाले. कापड नाही, तेल नाही, मासे नाहीत, भाजी नाही. राजाला कळवा. आमेननख्त नावाच्या कारकुनाने ते लिहून ठेवलं आणि तो पपायरस आता इटलीत तुरीनला आहे. "वीस मिनिटं बघून घ्या, मी आलोच," असं म्हणून तो गेला.

आम्ही हात बघितले. ओळीने रचलेले, तळवे, बोटं, आणि शेजारी लिहिणारा कारकून, मान खाली. त्याने मान वर केली नव्हती. बाहेरच्या दक्षिण भिंतीवर कोणत्या सणाला देवाला किती भाकऱ्या आणि किती बिअर द्यायची याची लांबच लांब यादी कोरलेली आहे. त्या यादीखाली सावलीत दोघी बसलो. वीस मिनिटं झाली, तीस झाली. ऊन कलायला लागलं, भिंत मधासारखी पिवळी झाली, कबुतरं अक्षरांच्या खोबणीत येऊन बसली. मी घड्याळ बघत होते. पैसे डॉलरमध्ये मोजलेले, माणूस जागेवर नाही. हे असं मनात आलं, आणि ते मी धाकटीला बोलूनही दाखवलं.

तेव्हा ती म्हणाली, "अक्का, त्या ओल्या केसांच्या बाईचं तुला अर्धंच माहितीये." अण्णांच्या शेवटच्या आजारपणात रात्री दवाखान्यात ती असायची. मी नसायचे. मार्चअखेर होती, शाखेत मी एकटी अधिकारी, रजा मागायची हिंमत केली नाही. त्या रात्रींमध्ये अण्णांनी तिला सांगितलं होतं म्हणे : संध्याकाळी सगळे गेल्यावर त्यांनी ती लाल खूण खरवडली आणि तिथे निळी केली. पुढच्या तपासणीत कागदावरचा तो ओरखडा साहेबांच्या नजरेला आला. विचारलं, तर अण्णांनी खरं कारण सांगितलं. साहेब म्हणाले, मस्टरवर कुठे आहे कारण? आणि अण्णांना त्या कामावरून काढलं.

वैशाखात अण्णा महिनाभर घरी बसून होते, हे मला आठवतं. काम संपलं असं आम्हाला सांगितलं होतं.

आता मी काय धरू? मी लाल खूण बघितली हे खरं. धाकटी तेव्हा पाच वर्षांची, तिने बघितलं काहीच नाही, फक्त ऐकलं, तेही तापातल्या माणसाकडून. मरताना माणूस आपल्या हातून जे व्हायला हवं होतं ते घडलं म्हणून सांगतो, असंही असेल. किंवा मी पन्नास वर्षं माझ्या बापावर अर्ध्या दिवसाचा खाडा घालत आले असेन. पडताळायचं कशावर? बहात्तरची मस्टरं कधीच कुठल्या तरी तालुक्याच्या गोदामात वाळवीने खाल्ली. बाई कोण होती, नाव काय, कुणाला ठाऊक. तीन हजार दोनशे वर्षांपूर्वीच्या कुणा एकाची आई आजारी होती हे आजही वाचता येतं, आणि आमच्या पाझर तलावावरचं एकही कारण कुठे उरलेलं नाही.

एवढ्यात गाईड आला. धापा टाकत. "माफ करा मॅडम." एवढंच. कारण त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. माझा चेहरा असा होता की सांगावंसं वाटलंही नसेल. राहिलेलं देऊळ त्याने आम्हाला सावकाश, काही न गाळता दाखवलं. बोटीपाशी निरोप घेताना धाकटीने थर्मासमधला उरलेला काढा त्याच्या बाटलीत ओतून दिला. मी बक्षिशी दिली, ठरलेली, नेमकी. मग हॉटेल, गरम पाणी, आणि फॉर्म.

दुसऱ्या दिवशी विमानतळावर सोडायला तोच चालक आला. वयस्कर गृहस्थ, मोडकंतोडकं इंग्रजी. धाकटीने गाईडची चौकशी केली. तो दवाखान्यात आहे, ते म्हणाले. आईला आदल्या पहाटे भरती केलं. हंगामाचे महिने थोडे, आलेला दिवस सोडला तर पुढचा कुणाला तरी दुसऱ्याला जातो, म्हणून तो कामावर आला. दुपारी मेदिनेत हाबूहून मोटारसायकलवर दवाखाना गाठून, आईला बघून परत आला. पन्नास मिनिटांत.

धाकटीने माझ्याकडे बघितलंही नाही. फॉर्मचं तिला माहीत नव्हतं.

पुण्याला आल्यावर मी कंपनीला लिहिलं. उत्तर आलं, अगदी सौजन्याने, की एकदा भरलेला फॉर्म बदलता येत नाही. मग गाईडला लिहिलं. लांबलचक. मी 'नाही' का लिहिलं, मला कारण कसं माहीत नव्हतं, मी कंपनीला कसं कळवलं, त्याला त्रास तर झाला नाही ना. दोन दिवसांनी त्याचा एकच शब्द आला, मालेश. त्यांच्याकडे हा शब्द उठताबसता वापरतात, असू दे, होतं असं, मनाला लावून घेऊ नका, अशा सगळ्या अर्थांनी. मला हलकं वाटलं. तेव्हा कुठे मी धाकटीला फोन करून सगळं सांगितलं. फॉर्मसुद्धा.

तिने ऐकून घेतलं. मग विचारलं, "आणि आईचं काय म्हणाला?"

मी तो माझा लांबलचक संदेश पुन्हा उघडून वाचला. त्यात फॉर्म होता, कंपनी होती, मी होते. त्याची आई कशी आहे, हे मी त्यात विचारलंच नव्हतं.

त्याच रात्री विचारलं. सकाळी उत्तर आलं, सोबत एक फोटो. गच्चीवर ओळीने मांडलेल्या मातीच्या थाळ्या, त्यांवर कणकेचे गोल गोळे, वर कडक ऊन. कडेला एका बाईचा हात, काळ्या बाहीतून निघालेला, मनगटावर सलाईनच्या पट्टीची पांढरी खूण, आणि तो हात एका गोळ्यावर हलकेच टेकलेला. खाली त्याने लिहिलं होतं : थापले भावाच्या बायकोने. ऊन मात्र आईनेच बघितलं.